कोशात काय उरतं

बाबा, भुंगेरे निघाले. तुम्ही गेलात त्याच्या पुढच्या आठवड्यात, दिवेलागणीला, मागच्या लॉनमधून. तुमची नात मित्रा खिडकीशी बसून होमवर्क करत होती, काचेवरची टपटप तिनंच आधी ऐकली. मी स्वयंपाकघरातून हात पुसत आले, बाहेर बघितलं आणि तुम्हाला सांगायला तशीच तुमच्या खोलीकडे वळले. दार उघडंच होतं. पलंगावर घडी केलेलं ब्लँकेट होतं. मग परत आले आणि कणीक मळायला घेतली.

तुम्ही हॉस्पिटलात बजावून ठेवलं होतं, "भुंगेरा निघाला की मला पहिलं सांग. त्यानं काही खायच्या आत." सांगायला उशीर झाला, पण सांगते आहे.

भेटायला येणारे लोक तुमच्याबद्दल विचारतात. मी सांगते की मराठवाड्यात मलेरिया खात्यात होते, निरीक्षक म्हणून रिटायर झाले, आई गेल्यावर इथं ख्राइस्टचर्चला माझ्याकडे राहायला आले. लोक मान हलवतात, चहा पितात. यात एकही गोष्ट खोटी नाही आणि तरी हे ऐकून तुम्ही कोण होतात ते कुणाला कळायचं नाही. माझ्या लेखी तुम्ही म्हणजे एक भांडण अर्ध्यावर टाकून उठून गेलेला माणूस. माझा तुमच्यावर राग आहे. तो कुठं ठेवावा ते कळत नाही, म्हणून हे लिहायला बसले.

तुम्हाला पहिल्यांदा प्रयोगशाळेत माझं काम दाखवायला नेलं तो दिवस आठवतो. बर्फ लावायचे प्लॅस्टिकचे ट्रे, प्रत्येक खणात माती, मातीत एक अळी आणि गाजराचा एक तुकडा. तुम्ही चष्मा वर करून वाकून बघितलंत. "ही तर हुमणी."

"हो, इथली हुमणी. ग्रास ग्रब म्हणतात. गवताची मुळं खाते. कुरणंच्या कुरणं बसतात हिच्यामुळं."

"आणि तू हिला गाजर चारायलीस?"

मग माझ्याबरोबर काम करणाऱ्या हेलनकडे वळून तुम्ही तुमच्या ठेवणीतल्या इंग्रजीत म्हणालात, "आय किल्ड लार्वा होल लाइफ. माय डॉटर गिव्हज कॅरट." हेलन आजही ते वाक्य म्हणून दाखवते. तुम्ही डबक्याडबक्यावर तेल फवारत हिंडलात, पंचवीस-तीस गावांतली गटारं तुम्हाला तोंडपाठ, आणि मुलगी अळ्यांना भाजी चिरून घालते. एका पिढीत आमच्या घराचं एवढं वाटोळं झालं, असं तुम्ही मित्रालाही सांगायचात.

मी तुम्हाला समजावून दिलं की मला अळीत फारसा रस नाही, तिच्या पोटातल्या जिवाणूंत आहे. ही अळी मुळं खाते. तिचाच पुढं भुंगेरा होतो आणि तो पानं खातो. जीव एक, जेवणं दोन. मुळं पचवायला जे जिवाणू कामाला येतात तेच पानांना पुरतात, की भुंगेरा नवे गोळा करतो? मधल्या काळात ती जमिनीत मातीची एक छोटी खोली करून कोशात जाते. आणि त्याच्या आधी, मी सहज म्हणाले, ती खाणं बंद करते आणि पोट पूर्ण रिकामं करते. पाठीमागचा काळसर भाग जातो, सगळी अळी दुधावरच्या सायीच्या रंगाची होते. कात टाकते तेव्हा आतड्याचं अस्तरसुद्धा त्या कातीबरोबर निघून जातं. पुढचं आतडं कोशात नव्यानं बांधलं जातं.

"थांब," तुम्ही म्हणालात. "परत सांग."

मी परत सांगितलं.

"कुणी सांगत नाही तिला?"

"कोण सांगणार? तिची वेळ झाली की ती थांबते."

"समोर ठेवलं तरी खात नाही?"

"गाजर तसंच पडून राहतं."

परत येताना गाडीतून तुम्ही बाहेरची कुरणं बघत होतात. मग एका सिग्नलला थांबलो असताना, मी काही विचारलेलं नसताना, बोलायला लागलात. तुम्ही तेव्हा आताच्या मित्राएवढे होतात. वडिलांचं बोट धरून नागपूरला गेला होतात, दीक्षेला. मैदानावर इतकी माणसं होती की तुम्हाला बोट सुटायची भीती वाटत होती. गावी परत आल्यावर आजोबांनी घरातलं एक मडकं उचललं आणि बाहेर नेऊन फोडलं. मेलेलं जनावर ओढून न्यायचं काम आपल्या लोकांचं, आणि त्याचंच मांस खायचं, हे पिढ्यान्‌पिढ्या वाट्याला आलेलं होतं. ते ज्यात शिजायचं ते मडकं. त्या दिवसापासून ओढणंही बंद आणि खाणंही बंद.

"आजी काय म्हणाली?" मी विचारलं.

"काय म्हणणार? नवं मडकं आणलं."

"आणि त्याच्या आधी? ती ते कसं करायची?"

"ते संपलं," तुम्ही म्हणालात. खात्यातली फाइल बंद करावी तसं. सिग्नल हिरवा झाला होता आणि मागचा माणूस हॉर्न न वाजवता शहाण्यासारखा थांबला होता.

त्या दिवसापासून अळी तुमची झाली. घरी कुणी आलं की तुम्ही माझ्या कामाबद्दल माझ्यापेक्षा जास्त बोलायचात. "आपण होऊन पोट रिकामं करती बरं का. मग नवीन जन्म." मी लगेच आडवी यायची. जन्म वगैरे काही नाही, बाबा. आणि सगळंच रिकामं होतं असंही नाही. आतड्याला घड्या असतात, कोपरे असतात. काही जिवाणू तिथं तग धरून राहत असतील आणि भुंगेऱ्यापर्यंत पोचत असतील. किती, कोणते, तेच तर मला बघायचंय.

झालं. तिथून आपलं सुरू झालं ते संपलंच नाही. मला वाटतं आपलं सगळ्यात मोठं भांडण दह्यावरून झालं. इथल्या घरांत गरम पाण्याच्या टाकीचं एक कपाट असतं, लोक त्यात टॉवेल वाळवतात. तुम्ही पहिल्याच थंडीत ते दह्यासाठी ताब्यात घेतलंत. आमचे टॉवेल बाहेर आणि तुमचं पातेलं आत. एकदा पातेलं काढता काढता तुम्ही म्हणालात, "आता हेच बघ. दूध उकळलं की त्यातलं सगळं मेलं. मग ज्याचं विरजण लावशील त्याचं दही. दुधानं आधी काय बघितलं ते कोण विचारतं?"

"आणि पातेलं?" मी म्हणाले. "कालच्या दह्याचं पातेलं तुम्ही कसंही घासा, कडेला काहीतरी राहतंच."

"मी घासलेलं आहे."

"बाबा, मी खरवडून दाखवू?"

"दाखव. किती राहतं ते सांग."

"असं सांगता येत नाही. बघावं लागतं, वाढवावं लागतं, मग—"

"हे सरकारी उत्तर झालं," तुम्ही म्हणालात. तीस वर्षं तुम्ही तीच उत्तरं देत आला होतात, तेव्हा तुम्हाला ती लांबूनच ओळखू यायची. तुमचा जावई प्रशांत आपलं ताट घेऊन टीव्हीपाशी गेला. मित्रानं कानांवर हात ठेवले. मला मात्र मजा येत होती, हे आता सांगायला हरकत नाही. सासरी, ऑफिसात, दुसरीकडे कुठंच मला इतकं मनापासून कुणी खोडून काढलेलं नाही.

पण प्रत्येक वेळी ती मजा नसायची. एकदा तुम्ही वाटाणे सोलत होतात आणि मी पुन्हा तेच काढलं, की थोडं तरी उरत असणार. तुम्ही शेंग हातात धरून माझ्याकडे बघितलंत. "तुला उरायला कशाला पाहिजे गं ते? आमच्या बापानं मडकं फोडलं, ते तू त्याचे तुकडे गोळा करावेत म्हणून?"

मी सोललेले वाटाणे उचलून धुवायला नेले. मला जे म्हणायचं होतं ते आता म्हणते. मला ते लाजिरवाणं जिणं उकरायचं नव्हतं, बाबा. मला आजी पाहिजे होती. मला तिच्याबद्दल एवढंच माहीत आहे की तिनं नवं मडकं आणलं. तिच्या हाताला चव होती का, ती रागीट होती का, मुलांना पोटभर घालायला तिनं काय काय केलं, हे सगळं तुम्ही त्या फुटक्या मडक्याबरोबर टाकून दिलंत. आजोबांनी फक्त मडकं फोडलं होतं.

नंतरच्या एका शनिवारची गोष्ट. आपण रिकार्टनच्या इंडियन दुकानात तूरडाळ आणि कढीपत्ता आणायला गेलो होतो. सामान गाडीत ठेवलं आणि तुम्ही पाय मोकळे करतो म्हणून पुढं चालत गेलात. बराच वेळ आला नाहीत म्हणून मी शोधायला आले, तर तुम्ही दक्षिण आफ्रिकेच्या लोकांच्या खाटकाच्या दुकानासमोर उभे. काचेच्या आत गोमांसाच्या लांब पट्ट्या टांगून वाळवलेल्या. ते लोक त्याला बिल्टाँग म्हणतात, हे मला माहीत होतं. तुम्ही ना मला काही विचारलंत ना त्या दुकानदाराला. आत गेलात, बोटानं दाखवलंत, पुडी घेतलीत आणि गाडीत येऊन बसलात.

मी किल्ली लावली पण गाडी सुरू केली नाही. तुम्ही एक तुकडा तोंडात टाकलात. चावला नाहीत. गालात धरून समोर बघत बसलात, पार्किंगच्या भिंतीकडे. खूप वेळ. मग म्हणालात, "ह्यांनी धणे घातलेत. आपल्यात नुसतं मीठ."

आपल्यात. मी तुमच्या तोंडून हा शब्द त्या गोष्टीच्या संदर्भात पहिल्यांदा ऐकला.  मी जपून विचारलं, "बाबा, आजी कशी करायची?"

"गाडी काढ," तुम्ही म्हणालात.

पुडीतलं उरलेलं तुम्ही कुठं ठेवलंत, संपवलंत की फेकलंत, मला कधी कळलं नाही. कचऱ्याच्या डब्यात मी बघितलं होतं. सापडलं नव्हतं.

मग तुमचं ते दुखणं. त्याबद्दल मी लिहिणार नाही, तुम्हाला आवडलं नसतं. हिवाळा संपता संपता तुम्ही हॉस्पिटलात होतात. सकाळची नर्स आत येताना माओरी भाषेतला नमस्कार, "किया ओरा", म्हणायची आणि तुम्ही आडवे असतानाही हात जोडून, साहेबाला उत्तर द्यावं तसं, "किया ओरा" म्हणायचात. मी एक अळी डबीत घालून, कोटाच्या खिशातून तुमच्याकडे आणली. परवानगी विचारली नाही, कारण कुणी दिली नसती. तिचं खाणं बंद झालेलं होतं. तुम्ही डबी खिडकीकडे धरलीत, उजेडात फिरवलीत.

"सगळं टाकलं हिनं," तुम्ही म्हणालात. आवाज एवढासा झाला होता. "मी पण टाकलं बघ."

तुम्ही हसलात. मी हसले नाही. "दोन चमचे पेज घ्या, बाबा."

"ती घेती का?"

"तुम्ही हुमणी नाही."

"मग कोण आहे?" तुम्ही विचारलंत, खरंच कुतूहल असल्यासारखं. मी पेज तशीच धरून बसले. नंतर, तुम्हाला झोप लागली असं वाटत असताना, मी म्हणाले की आजीबद्दल काहीतरी सांगा. डोळे न उघडता तुम्ही म्हणालात, "लई काळी होती. लई हसायची." मग गोळ्या घेऊन कुणीतरी आलं. मी रोज मित्राला घेऊन तिथं यायची, आणि रोज वाटायचं की आज पुढचं सांगाल. तुम्ही भुंगेऱ्याचीच चौकशी करत राहिलात.

शेवटच्या दिवसाबद्दल एवढंच, की तुमचा हात माझ्या हातात होता आणि तो कोमट होता.

अंत्यविधीला इथली आपली सगळी घरं आली होती. श्रीलंकेचे भन्ते आले. त्रिशरण आणि पंचशील झालं. त्यांचे पाली उच्चार आपल्याहून वेगळे, आपले लोक एका चालीत आणि ते दुसऱ्या. तुम्ही असतात तर थांबवून दुरुस्त केलं असतंत आणि मी तुमची बाही ओढली असती. मित्रानं "बुद्धं सरणं" न चुकता म्हटलं. मराठीत एक वाक्य बोलायला तिला जड जातं, पण हे तुमच्याबरोबर रोज म्हणून तिला पाठ आहे.

मी कामावर जायचं टाळत होते. भुंगेरे काचेवर आपटायला लागले तेव्हा मात्र गेले. हेलननं सगळं सांभाळून ठेवलं होतं. मातीच्या खोलीतून बाहेर पडताक्षणी तिनं प्रत्येकाला वेगळ्या डबीत घातलं होतं. "एकालाही पान दिलेलं नाही," ती म्हणाली. "तुझ्या बाबांना तसंच हवं होतं ना?" तिथं मी रडले, सगळ्यांसमोर, हातमोजे घातलेले असल्यामुळं डोळेसुद्धा पुसता येईनात. मग काम केलं. भुंगेरे बाहेरून स्वच्छ केले, उघडले, आतड्यातलं काढून प्लेटवर पसरलं आणि प्लेटा उबेला ठेवल्या. पुढचे दिवस मी सारखी उबेच्या पेटीपाशी जाऊन बघत होते. त्या प्लेटा म्हणजे तुमचं उत्तर असल्यासारखं मला झालं होतं.

प्लेटवर जिवाणूंचे ठिपके आले, बाबा. अळीच्या पोटातून जेवढे येतात त्या मानानं अगदीच थोडे, पण आले. ते कोशातून तसेच टिकून आलेत की त्या मातीच्या खोलीतलं काही तोंडाला लागून आत गेलंय, हे अजून सांगता येत नाही. आणखी तपासावं लागेल. हेही सरकारी उत्तर झालं, मला माहीत आहे. मी प्लेट समोर धरून बसले होते आणि माझ्या लक्षात आलं की उत्तर पूर्ण आलं असतं तरी मला आजी मिळणार नव्हती.

त्या संध्याकाळी जेवताना मित्रानं विचारलं, उरलं का काही? तिनं इंग्रजीतच विचारलं, मी मराठीत लिहिते आहे. मी म्हणाले, उरलंय असं वाटतं, पण कशामुळं ते माहीत नाही. ती पोळीचा तुकडा मोडत म्हणाली, "आजोबा टोल्ड मी हीप्स अबाउट दॅट."

"कशाबद्दल?"

जिवाणूंबद्दल नव्हे, तिच्या आजोबांच्या लहानपणातलं जे उरलं त्याबद्दल, असं तिनं सांगितलं. त्यांची आई मीठ लावून मांसाच्या लांब पट्ट्या करायची आणि दोरीवर वाळत घालायची. चान्या. हा शब्द तिनं तुमच्यासारखाच म्हटला, बाबा. कावळे यायचे म्हणून आजोबांना काठी घेऊन दोरीखाली बसवायची. ती त्यांची नोकरी होती. मग निखाऱ्यावर भाजून एकेक तुकडा मिळायचा आणि आजोबा तो चावायचे नाहीत, गालात धरायचे, लवकर संपू नये म्हणून. त्यांची आई विचारायची, संपला का? आणि ते नाही म्हणून मान हलवायचे, तोंड उघडायचे नाहीत. मग ती खूप हसायची. तिचे दात पुढं होते.

 मी विचारलं, कधी सांगितलं हे?

हॉस्पिटलमध्ये, तू गाडी लावायला जायचीस तेव्हा. मी विचारलं होतं ना त्यांना, तुम्ही लहानपणी काय खायचात म्हणून. रोज थोडं थोडं सांगायचे.

"मला का नाही सांगितलं?"

ती जरा घुटमळली. आजोबांची चुगली होईल असं तिला वाटलं असावं. मग म्हणाली, ते म्हणाले, आईला सांगितलं तर ती लगेच लिहून घेईल.

बाबा, मी टेबलावरून उठले आणि तुमच्या खोलीत जाऊन बसले. आधी खूप राग आला. मी वर्षानुवर्षं दार ठोठावत होते आणि तुम्ही खिडकीतून ते पोरीच्या हातात दिलंत. मग कळलं की तुम्हाला माझा आवाज नको होता. मी विचारायची तेव्हा त्यात आधीच एक दुःख असायचं, एक मोठा विषय असायचा. तिनं विचारलं ते शाळेतल्या मैत्रिणीला डब्यात काय आहे विचारावं तसं. तिच्यापुढं तुम्ही कावळे हाकणारे एक मूल होऊ शकलात. मला मडकं फोडणाऱ्याचा मुलगा दिसत राहिला असता. तुमचं बरोबर होतं, मी लिहून घेतलं असतं. हे बघा, घेतलंच.

तुमचे आभार कसे मानायचे ते मला माहीत नाही, आपण कधी मानले नाहीत. तिला सांगितलंत, एवढं पुरे आहे. तुम्हाला सांगावंसं वाटलं, हेही पुरे आहे.

काल शनिवार होता. डाळ संपली होती म्हणून मित्राला घेऊन रिकार्टनला गेले. सामान ठेवल्यावर मी तिला म्हटलं, दोन मिनिटं बस. त्या दुकानातून पुडी आणली. ती पुढच्या सीटवर होती, तुमच्या. तिनं एक तुकडा घेतला, वास घेतला आणि तोंडात टाकला. चावला नाही. गालात धरून समोरच्या भिंतीकडे बघत बसली.

मी वाट बघितली.

"नॉट लाइक धिस," ती शेवटी म्हणाली, आणि मग मराठीत, एकेक शब्द शोधत, "ह्यात धणे आहेत. आपल्यात नुसतं मीठ."

आपल्यातलं तिनं कधीच खाल्लेलं नाही, बाबा. मी पुढं काही विचारलं नाही. गाडी काढली.